रेडिओ वाघूरचं सुतक

१० जून २०२५, मंगळवार

डायरी जानेवारीत सुरू करायची असते एवढं मलाही कळतं. ही बियाणे कंपनीने फुकट दिलेली डायरी मी किराण्याच्या यादीसाठी ठेवली होती. प्रत्येक पानाखाली शेतकऱ्यांसाठी एक सल्ला छापलाय. आजच्या पानावर ‘पेरणीची घाई करू नये’ असं आहे. म्हणून मीही सावकाश लिहिते.

शेठजी स्टेशन विकताहेत.

दुपारी त्यांनी सगळ्यांना स्टुडिओत बोलावलं तेव्हा मला वाटलं, त्यांच्या मुलाच्या, तरुणभाऊंच्या घरी काही गोड बातमी असेल. शेठजी उभ्या उभ्याच म्हणाले, “मी बहात्तरचा झालो. तरुणला यात रस नाही. जाहिराती सगळ्या मोबाइलमध्ये घुसल्या. मुंबईची नभवाणी कंपनी घ्यायला तयार आहे.” मग थोडं थांबून म्हणाले, “चहा घ्या.” आम्ही मुकाट्याने चहा घेतला.

शेठजी म्हणजे हीरालालजी. घराणं मूळ मारवाडचं, पण चार पिढ्या जळगावात सरकी आणि तेलाच्या व्यापारात गेल्या. शेतकऱ्याशी अहिराणीत भाव करतात आणि आमच्याशी मराठीत. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी रेडिओ वाघूर काढलं तेव्हा बाजारपेठेत लोक हसले होते, की सरकी विकणारा आता हवा विकणार. मी तेव्हा अमळनेरच्या यात्रेत भोंग्यावरून हरवलेल्या पोरांच्या घोषणा करायचे. शेठजी सासुरवाडीला आले होते. त्यांनी आवाज ऐकला, मंडपात आले आणि विचारलं, “बाई, सापडलेल्या माणसांशी बोलाल का?” तेव्हापासून रोज सकाळी सात ते दहा मी अहिराणीत ‘कसं काय भो!’ करते. त्या माणसाचे उपकार मी कधी मोजले नाहीत, आणि आज रागवावं म्हटलं तरी जमेना.

१४ जून, शनिवार

तरुणभाऊंना गाठून विचारलं, ही नभवाणी नेमकी करते काय. त्यांनी नीट समजावलं. मुंबईत एकच स्टुडिओ आणि एकच बोलणारा. त्याचा आवाज वर उपग्रहावर जातो आणि तिथून चाळीसेक गावांत एकदम उतरतो. उपग्रहाचं भाडं ठरलेलं असतं, ऐकणारा एक असो की एक कोटी.

“एसटीचं बघा ना ताई,” ते म्हणाले. “जळगाव-धुळे गाडी निघाली की डिझेल तेवढंच जळतं. मग कंडक्टर थांब्याथांब्यावर ओरडून माणसं का भरतो? आपण त्यांचा एक थांबा.”

“आणि आपण?”

“आपल्या छतावर एक तबकडी लागेल.”

“तबकडीचं नाही विचारत. आपण, माणसं?”

तरुणभाऊ चष्मा पुसत बसले.

मग विषय बदलायला म्हणून त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. वीसेक वर्षांपूर्वी अशाच एका उपग्रह रेडिओवाल्या कंपनीचे सेट शेठजी विकायचे. वर्षाची वर्गणी भरायची आणि आकाशातून गाणी ऐकायची. पण आपल्याकडे पाण्याची पट्टी वेळेवर भरत नाहीत, आवाजाची कोण भरणार? कंपनी गुंडाळली. ज्यांनी वर्गणी भरली होती त्यांना शेठजींनी घरून पैसे परत केले. “सेट मी विकला, कंपनीने नाही,” म्हणाले. ते सेट अजून गोदामात आहेत, हमाल त्यांच्यावर बसून जेवतात. मी इतकी वर्षं शेठजींना हिशेबाचे पक्के समजत होते. ही गोष्ट ऐकून वाटलं, कच्चेच आहेत बिचारे.

२७ जून, शुक्रवार

नभवाणीच्या सुलक्षणा मॅडम आल्या. माझ्याच वयाच्या, सुती साडी, आवाज खाली. मी त्यांचा तिरस्कार करायचा असं ठरवून गेले होते. जेवायला शेवभाजी मागवली. पहिल्याच घासाला त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, आणि रुमालाने तोंड पुसून त्यांनी पुन्हा वाटी पुढे केली. तिरस्काराचा बेत तिथेच फसला.

त्यांचा एकच प्रश्न होता. ऐकणारे किती? मोठ्या शहरांत पाहणी होते, जळगावात कोण करतं? भिकनभाऊ आमचं यंत्र सांभाळतात, पहिल्या दिवसापासून. भडगावकडचे, मराठी बोलायची वेळ आली की घामेघूम होतात. ते पुढे होऊन म्हणाले, “बठ्ठा ऐकतस.” सगळेच ऐकतात.

“बठ्ठा म्हणजे किती?”

“बठ्ठा म्हंजे बठ्ठा. आखो काय?”

मॅडम हसल्या, पण कागद कोराच राहिला. जाताना मला म्हणाल्या, “तुम्ही छान बोलता. पण प्रत्येक गावात एक छान बोलणारं माणूस ठेवलं, तर आम्ही उपग्रह कशाला घेतला?” खरं आहे, आणि खोटं असतं तर बरं झालं असतं.

८ जुलै, मंगळवार

आज मनातलं लिहिते, कारण ही वही कोणी वाचणार नाही. नवऱ्याला, दीपकला, वाटतं यात अजून तांदळाचे भावच आहेत.

नोकरी गेली तर मी उपाशी मरणार नाही. दीपक वरणगावच्या फॅक्टरीत पक्का आहे. लेकीला, भाविकाला, धुळ्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला की तिचं हॉस्टेल तेवढं जड जाईल. पण भिकनभाऊंचं काय? जाहिराती आणणाऱ्या पोरींचं काय? आणि सकाळी सात वाजता मी काय करू? अठरा वर्षं सात वाजले की माझं तोंड आपोआप उघडतं.

खरी भीती आणखी निराळी आहे. मला वाटायला लागलंय की मॅडम बरोबर आहेत आणि कोणीच ऐकत नाही. फर्माईश करणारे तेच ते, त्यांचे आवाज मला पाठ झालेत. बाकीचं मी भिंतीशी बोलते. समोर काच, काचेपलीकडे भिकनभाऊ, आणि तेही निम्मा वेळ तंबाखू मळत असतात. श्रोता म्हणून माणूस मी डोळ्यांनी पाहिलाय कुठे?

शेठजींनी आज भाविकाच्या प्रवेशाचं विचारलं, हॉस्टेल कोणतं, खर्च किती. असल्या वेळी त्यांना हे बरं सुचतं. मग भिकनभाऊंना त्यांच्या घराच्या हप्त्यांचं विचारलं, आणि त्या पोरींनाही घरचं सगळं विचारत बसले. म्हातारपणी माणसाला चौकशा करायची हौस येते. तरी कोणी विचारलं की बरं वाटतं.

२१ जुलै, सोमवार

मॅडमचा फोन. व्यवहार पक्का करण्याआधी मुंबईला एक चाचणी हवी आहे. एक दिवस आमचा आवाज पूर्ण बंद ठेवायचा आणि उपग्रहावरून येईल ते लावायचं. सरकारची मंजुरी येईपर्यंत त्यांना त्यांचे कार्यक्रम इथे लावता येत नाहीत, म्हणून नुसतं वाद्यसंगीत. आम्ही कोणी कुठे काही लिहायचं नाही, सांगायचं नाही. किती लोक फोन करून विचारतात ते मोजायचं. पुष्कळ फोन आले तर सकाळचे तीन तास आमचे ठेवतील. नाही आले तर तबकडी.

“कोणता दिवस?” मी विचारलं.

“तीन ऑगस्टच्या दुपारपासून पुढे. त्या दिवशी तुमचा सगळ्यात जास्त ऐकला जाणारा कार्यक्रम असतो ना? मग तोच दिवस योग्य.”

तीन ऑगस्टला कानबाई आहे.

मी शेठजींकडे धावले. ते सरळ हो म्हणून बसले होते. “बाई, विकायला काढलेल्या गायीचं दूध गिऱ्हाईक काढून बघणारच,” म्हणाले. मला फार राग आला. इथे लिहून टाकते म्हणजे तोंडावर येणार नाही.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

दरवर्षी या दिवसापासून आमच्याकडे बायकांची रांग लागते. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते. चौरंगावर नारळाची देवी, तिला लुगडं, नथ, समोर सगळ्या भाऊबंदांचे मिळून रोट. सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेऊन विसर्जन. वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊही त्या दिवशी एका पंगतीला बसतात. आणि रविवार दुपारपासून सोमवार दुपारपर्यंत रेडिओ वाघूरवर नुसती कानबाईची गाणी, बायकांनी इथे येऊन गायलेली. ज्यांच्या घरी गाणारं कोणी उरलं नाही, ते आमचा रेडिओ देवीपुढे ठेवतात म्हणे. म्हणे, कारण मी पाहिलेलं नाही.

यंदा बायकांना मी जिन्यातूनच परत पाठवलं. “मशीन बिघडलंय,” म्हटलं. एक म्हातारी म्हणाली, “मशीनले नारय फोड.” मला हसूही आलं आणि रडूही.

३ ऑगस्ट, रविवार

दुपारी भिकनभाऊंनी आमचा आवाज काढला आणि तबकडीचा लावला. सारंगी, मग बासरी, मग परत सारंगी. वाजवणारा उत्तम होता. भिकनभाऊ बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

घरी येऊन रोट भाजले. जाऊबाई म्हणाल्या, रेडिओ लाव ना. मी म्हटलं, यंदा आपणच गाऊ. माझा आवाज चांगला आहे असं जगाला वाटतं, पण गाताना तो फाटतो हे घरच्यांना आज कळलं.

४ ऑगस्ट, सोमवार

फोन आला नाही. एकही नाही. चुकले, एक आला, गृहकर्ज हवंय का विचारायला.

विसर्जन उरकून मी ओल्या पायांनी ऑफिसला गेले होते. आम्ही फोनच्या भोवती आजारी माणसाच्या खाटेभोवती बसावं तसे बसलो होतो. मोबाइलवरही काही नाही. ते नेहमीचे फर्माईशवालेसुद्धा गप्प. भिकनभाऊंनी दोनदा रिसीव्हर उचलून पाहिला, लाइन चालू होती.

संध्याकाळी शेठजींनी मॅडमना स्वतःच कळवलं, “शून्य.” खोटा एक आकडा तरी सांगायला काय जात होतं? उद्या सकाळी अकरा वाजता मॅडम सही घ्यायला येणार. तोवर सारंगीच चालू ठेवायची, माझा सकाळचा कार्यक्रम नाही.

म्हणजे अठरा वर्षं मी भिंतीशीच बोलले. भिंतीचेही आभार मानायला हवेत, तिने कधी मध्येच तोडलं नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज मी माझ्याच मौतीला जाऊन आले. सगळं लिहिते.

सकाळचा कार्यक्रम बंदच, म्हणून दहाच्या सुमाराला ऑफिसला पोचले. दारात चपलांचा हा ढीग. लिंबाखाली पांढऱ्या टोप्या घातलेले पुरुष खाली माना घालून बसलेले. दोन काळ्या-पिवळ्या जीपगाड्या उभ्या. जिन्यावर खालपासून वरपर्यंत बायका, डोक्यावर पदर, कोणी बोलत नाही. खालच्या मजल्यावर पतपेढी आहे, मला वाटलं तिथल्या चेअरमनचं काही झालं असेल. मीही पदर डोक्यावर घेतला आणि खालच्या पायरीवर जागा करून बसले. शेजारच्या म्हातारीला हळूच विचारलं,

“कोन गये वं माय?”

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “रेडिओवाली बाई.”

“कोनती?”

“सकायम्हा बोलस ती. नूतन. जास्त वय नही व्हतं म्हने.”

मला आधी काही समजलंच नाही. मग समजलं, आणि माझ्या तोंडून नेहमीच्या आवाजात निघून गेलं, “अहो, पण मी इथे आहे!”

म्हातारी तटकन उठली. तिने माझा चेहरा कधी पाहिलेला नव्हता, पण आवाज तिला पाठ होता. तिने माझा हात धरून जिन्याकडे तोंड करून आरोळी ठोकली, “माय वं! हाऊ आवाज तिनाच शे! जित्ती शे वं बाई, जित्ती शे!”

पुढचं मला क्रमाने आठवत नाही. बायका जिन्यावरून माझ्यावर कोसळल्या. कोणी माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडत होतं, कोणी रडत होतं, कोणी मला शिव्या देत होतं की मरायची नव्हतीस तर गप्प का बसलीस. पुरुषांतून एक टोपीवाला “ताई!” करत पुढे आला. बघते तर आमचे भिकनभाऊ. सकाळी येऊन त्यांनी ही गर्दी पाहिली, शेठजींच्या घरातलं कोणी गेलं असावं असं समजले, टोपी घातली आणि त्यांच्यातच बसले. दुःखाच्या दारात कोण गेलं असं विचारत बसायची आपली पद्धत नाही, बसायची पद्धत आहे.

ती म्हातारी भिकुबाई, भडगावजवळच्या खेड्यातली. तिने सांगितलं तेव्हा सगळा उलगडा झाला. कानबाईच्या दिवशी रेडिओवर गाणी नाहीत, नूतनचा आवाज नाही, नुसती सारंगी. कोणी मोठा पुढारी गेला की रेडिओ असाच वाजतो हे जुन्या माणसांना ठाऊक. टीव्हीवर पाहिलं, पुढारी सगळे जिवंत. “मंग आम्हले समजनं. सुतक पडाशिवाय कानबाईले कोन गप्प बठस? रेडिओनाच घर काहीतरी व्हई गये.”

“मग फोन का नाही केलात, माय? एक फोन!”

भिकुबाईने माझ्याकडे मी लहान पोर असल्यासारखं पाहिलं. “मयतना घर कोनी फोन करस का? मानूस जास.”

म्हणून कोणीच फोन केला नव्हता. सगळ्यांनी सोमवारी विसर्जन उरकलं आणि आज पहाटेच्या गाड्या धरल्या. भडगाव, अमळनेर, पारोळा, धुळ्याकडून काही जण. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून सोबत भाकरी, उडदाची डाळ, ठेचा, सगळं बांधून. मी त्यांच्या घरची कोण? पण घरचं माणूस गेल्यासारखे डबे घेऊन आले होते.

अकरा वाजता सुलक्षणा मॅडम रिक्षातून उतरल्या. हातात कराराची फाइल. गर्दी बघून थबकल्या, आणि कोणी न सांगता त्यांनी चपला काढल्या. मी सगळं सांगितलं तरी त्यांना पटायला वेळ लागला. “म्हणजे ही सगळी माणसं तुमच्या...?”

“हो. माझ्याच.”

जिवंत बाई सापडल्यावर डब्यांचं काय करायचं असा प्रश्न पडला. भिकुबाईने निकाल दिला, “आनेल भाकर माघारी लई जावानी नही.” मग लिंबाखाली सगळ्यांनी मिळून जेवायचं ठरलं. मॅडमच्या हातावर भाकरी, भाकरीवर डाळ. त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली, कुठून आलात, कधीपासून ऐकता. एक अंध गृहस्थ होते, अमळनेरचे पुनाभाऊ. ते म्हणाले, “सात वाजनात हाई माले नूतनबाई सांगस. नही ते माले कसं समजी?” मॅडमनी विचारणं थांबवलं आणि नुसत्या जेवत राहिल्या.

शेठजींचा चातुर्मासाचा नेम, ते यातलं काही खात नाहीत. ते कळशी घेऊन प्रत्येकाला पाणी वाढत होते. मालक आहेत हे कोणाला माहीत नव्हतं. एकाने तर “ओ नाना, अठे पानी आना” म्हणून हाक मारली आणि शेठजी धावत गेले. मधूनच डोळे पुसत होते. आयुष्यभर सरकीच्या धुळीत राहिलं की डोळे असेच होतात.

जेवणानंतर मॅडम गच्चीवर जाऊन मुंबईशी बोलल्या. मी पाणी द्यायला गेले तेव्हा एवढंच ऐकू आलं, “नाही सर, फोन शून्यच. मी सांगते तुम्हाला, तुम्ही चुकीची गोष्ट मोजायला सांगितलीत.” सही आज झाली नाही.

सगळ्यांना एसटी स्टँडपर्यंत पोचवून आले.  

६ ऑगस्ट, बुधवार

सात वाजता माइक उघडला आणि म्हटलं, “कसं काय भो! मी नूतन. जित्ती शे.” दहा वाजेपर्यंत फोन थांबला नाही. आता फोन करायला हरकत नव्हती ना, सुतक फिटलं होतं.

२० ऑगस्ट, बुधवार

देव पावला, मुंबई पावली, सगळे पावले.

शेठजींनी बोलावून सांगितलं. स्टेशन नभवाणीकडे जाणार हे पक्कं. पण सकाळचे तीन तास अहिराणीत, पाच वर्षं, आणि कानबाईचा पूर्ण दिवस आपला. एकही माणूस कमी होणार नाही. सगळं करारात लिहून घेतलंय. भिकनभाऊ शेठजींच्या पाया पडले तर शेठजी पाय मागे ओढत म्हणाले, “अरे, मी काय केलं? जिन्यावर बसले त्यांना नमस्कार कर.”

खरं म्हणजे हे बारा-तेरा दिवस फार वाईट गेले. मुंबईचे साहेब आधी ऐकायला तयारच नव्हते. आमचे पाच वर्षांचे पगार कोणाच्या खिशातून, असं विचारत होते. मग परवा अचानक कबूल झाले. मोठ्या माणसांची मनंही द्रवतात, आपण उगाच त्यांना नावं ठेवतो.

तरुणभाऊ मात्र का कोण जाणे तोंड फुगवून आहेत. वडिलांशी बोलत नाहीत. स्टेशन विकायची घाई त्यांनाच होती, आता विकलं तरी नाराज.

मी शेठजींना म्हटलं, आता अमळनेरच्या धर्मशाळेचं काम सुरू करा. स्टेशनच्या पैशातून त्यांना पानबाईंच्या नावाने, म्हणजे त्यांच्या गेलेल्या पत्नीच्या नावाने, तिच्या माहेरगावी धर्मशाळा बांधायची होती. जागाही घेऊन ठेवलीय. तर म्हणाले, “बघू पुढे. सध्या सिमेंट फार महाग झालंय.” घरी दीपकला सांगितलं तर तो म्हणतो, सिमेंट उलट उतरलंय. फॅक्टरीतल्या माणसाला बाजारातलं काय कळतं!

सुलक्षणा मॅडमना फोन करून खूप आभार मानले. म्हटलं, तुमच्यामुळे झालं.  त्या म्हणाल्या, “माझे नका मानू. ज्यांनी किंमत मोजली त्यांचे माना.” बरोबर बोलल्या. भिकुबाईला भडगावहून यायला जीपवाल्याने दुप्पट भाडं लावलं होतं. तिला मी उद्या रेडिओवरून नाव घेऊन धन्यवाद देणार आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दिल्लीची मंजुरी आली. एक डिसेंबरपासून रेडिओ वाघूर हे नाव जाणार. पाटी उतरवताना शेठजी खाली उभे राहून सुतारालाच सूचना देत होते, “सांभाळून, भिंतीचा रंग जाईल.” भिंत आता त्यांची नाही हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते बाजूला झाले. पाटी रिक्षात घालून घरी घेऊन गेले. गाडी का नाही आणली विचारलं तर म्हणाले, “रिक्षात हवा चांगली लागते.”

१ डिसेंबर, सोमवार

नव्या मालकाखाली पहिली सकाळ. मॅडमनी मुंबईहून फुलं पाठवली. चिठ्ठीत लिहिलंय, शेवभाजी खायला येतेय. भली बाई.

रात्री नीट झोप नव्हती, तरी सात वाजले आणि तोंड उघडलं. नवं नाव तीनदा बरोबर घेतलं आणि एकदा चुकून वाघूर म्हणाले. भिकनभाऊंनी काचेपलीकडून डोळे मिटून घेतले. हवा कडक थंड, वांग्याच्या भरताचे दिवस. कोणी शेतातून फोन करत होतं, कोणी सरकीच्या पेंडीच्या दुकानातून. प्रत्येकाला मी तेच विचारते, नाव काय, कुठून बोलता, काय करता. अठरा वर्षांची सवय आहे, आणि लोकांना सांगायला आवडतं. मी केळी लावतो, मी शाळेत शिपाई आहे, मी नातू सांभाळते.

नऊच्या पुढे एक फोन उचलला.

“कसं काय भो!”

“बेस शे.”

आवाज ऐकला आणि माझं पुढचं वाक्य हुकलं. अठरा वर्षांत या माणसाने एकदाही फोन केला नव्हता. मालकाने आपल्याच दुकानात उधार मागू नये, असं म्हणायचे. पण हजारो लोक ऐकत होते, म्हणून मी इतरांना विचारते तसंच विचारलं.

“नाव काय भाऊ?”

“हीरालाल.”

“कुठून बोलता?”

“जळगावहूनच. घरून.”

“काय करता?”

पलीकडे शांतता पसरली. रेडिओवर शांतता चालत नाही. भिकनभाऊंनी नेहमीसारखा गाणं सोडायला हात वर केला, पण बटण दाबलं नाही. मग शेठजी, कापूसवाल्यांशी बोलतात त्या अहिराणीत, सावकाश म्हणाले,

“आते काही नही, माय. ऐकस.”

कोणतं गाणं लावू, हे विचारायचं राहूनच गेलं.